घसा बसलेल्या इंग्रजीच्या मॅडम : खान्देशातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या शिक्षिकेला आपण नीता मॅडम म्हणू. नाव बदललेलं आहे आणि गाव सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गापासून थोडं आत, एवढं पुरे. हे टिपण मॅडमनी स्वतः वाचलं, दोन ठिकाणी काट मारली आणि एक वाक्य स्वतःच्या हातानं घातलं. ते पुढे येईल.

शाळा खाजगी अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. गावात अहिराणी चालते आणि पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या घरी पावरी ही आदिवासी बोली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना मराठीसुद्धा शाळेनेच शिकवलेली. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे दहावीतला मुलगा कागदावर दहा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. गावात इंग्रजी दिसते ती फवारणीच्या औषधाच्या डब्यावर आणि मोबाईलमध्ये. बोललेली इंग्रजी ऐकू येण्याची एकच जागा, ती म्हणजे मॅडमचा तास.

मॅडम स्वतः अशाच गावातल्या मराठी शाळेतून आलेल्या. बी.ए.ला इंग्रजी विषय घेतला, मग एम.ए., बी.एड. २००८ ला शिक्षणसेवक म्हणून लागल्या. शाळेत इंग्रजीला दोघं होते. दुसरे सर मे २०२४ अखेर निवृत्त झाले. पद रिक्त राहिलं, शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून कधी भरेल ते कोणी सांगू शकत नव्हतं आणि संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याच्या, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर ते पद राहील की जाईल हेच धड कळत नव्हतं. जूनमध्ये आठवी, नववी आणि दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, असं सगळं इंग्रजी मॅडमकडे आलं. दहावी अ मध्ये ६१ आणि ब मध्ये ५४ मुलं. "तात्पुरतं आहे मॅडम, दिवाळीपर्यंत बघू," असं मुख्याध्यापक म्हणाले होते.

त्याआधीची उन्हाळी सुट्टीही सुट्टीसारखी गेली नव्हती. २०२४ ची आखाजी, म्हणजे लेकी माहेरी जातात ती अक्षय तृतीया, १० मे ला आली आणि लोकसभेचं मतदान १३ मे ला. आखाजीला माहेरी न जाण्याची लग्नानंतरची ती त्यांची पहिलीच वेळ. त्यानंतर जूनच्या तोंडावर पाचवीला मुलं मिळावीत म्हणून भर उन्हात घरोघर फिरणं झालं. पट घसरला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्यामुळे हे फिरणं कोणी लादलेलं नसतं आणि कोणाला टाळताही येत नाही.

अडचण

सुरुवात घशापासून झाली. ऑगस्टमध्ये दुपारच्या तासांना आवाज घोगरा व्हायला लागला. खडीसाखर, ज्येष्ठमध, मीठ-पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. पावसाळा आहे, हवा बदलली, असं सगळ्यांनी म्हटलं. शिक्षक दिनाला गावच्या एका पुढाऱ्यांनी नेहमीप्रमाणे साने गुरुजींचा दाखला दिला. गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, त्यामुळे खान्देशात शिक्षकापुढे तो आदर्श अगदी घरचा म्हणून ठेवला जातो. आदर्शाबद्दल माझी तक्रार नाही. पण शिक्षक म्हणजे माउली, हे दरवर्षी हार घालून ऐकवलं की त्याच व्यासपीठावरून उतरलेल्या बाईला "मी थकले" म्हणायची सोय राहत नाही.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण आलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं सांगतं. निवडणूक त्या अपवादातच बसते, म्हणून तक्रारीला जागा नव्हती. त्यात शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री साडेनऊ-दहाला "अत्यंत तातडीचे, आत्ताच माहिती भरावी" असे निरोप येत. मॅडम फोन उशाशी ठेवून झोपायच्या. झोप कसली, तीनला जाग आली की सकाळपर्यंत डोळा लागत नसे.

नोव्हेंबर संपता संपता एका दिवशी चौथ्या तासाला, दहावी ब मध्ये, वाक्य अर्ध्यावर असताना आवाज पूर्ण गेला. तोंड हलतंय आणि बाहेर काही नाही. पुढच्या बाकावरची मुलगी उठली, पाण्याची बाटली दिली आणि पुस्तक घेऊन धडा वाचायला लागली. चुकतमाकत का होईना, वाचत राहिली. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. मुलांना वाटलं घसा दुखतोय.

मॅडमनी स्वतः घातलेलं वाक्य असं आहे: "त्या आधीचे दोन महिने मला मुलांचा राग येत होता, आणि त्यांनी काहीच केलेलं नव्हतं."

ख्रिस्तिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञांनी कामातून येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे 'बर्नआउट'ची, तीन अंगं सांगितली आहेत: मन पार रिकामं होणं, माणसांविषयी कोरडेपणा येणं आणि आपण काही उपयोगाचं करतो आहोत ही भावना जाणं. पहिलं सगळ्यांना दिसतं. शिक्षकाच्या बाबतीत माझ्या मते दुसऱ्याकडे लक्ष ठेवावं, कारण थकवा सांगता येतो पण मुलांचा राग येतो हे कोणी शिक्षक सहजासहजी सांगत नाही. सोळा वर्षं मुलांना नावानं हाक मारणाऱ्या मॅडम त्या सत्रात "ए, खिडकीजवळचा" म्हणायला लागल्या होत्या.

घशामागे काय होतं

जळगावच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना बारीक गाठी होत्या. बहुतेक वेळा अशा गाठी आवाजाला विश्रांती दिल्याने आणि बोलण्याची सवय बदलल्याने कमी होतात, लगेच शस्त्रक्रिया लागत नाही, असं त्यांनी समजावलं. कुजबुजून बोलायचं नाही, त्यानेही ताण येतो. सारखं खाकरायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही एका तासात किती वेळ बोलता?" मॅडम म्हणाल्या, "पूर्ण तास."

तालुक्याच्या गावी इंग्रजीच्या शिक्षकांचा एक छोटा गट आहे, त्याची जुळवाजुळव मी करतो. डॉक्टरांचा हा प्रश्न मॅडमनी मला फोनवर सांगितला तेव्हा मला तो घशापेक्षा मोठा वाटला. इतिहासाचे सरही पूर्ण तास बोलतात, पण इंग्रजीच्या शिक्षकाला मुलांना बोलतं करायचं असतं. मग पूर्ण तास मॅडमच का बोलत होत्या?

उत्तर दोन-तीन भेटींनंतर आलं. एकदा तालुक्याच्या प्रशिक्षणात सगळ्यांनी इंग्रजीतून आपली ओळख करून द्यावी असं ठरलं. आपली पाळी जवळ येताना पाहून मॅडम फोन आल्याचं दाखवून बाहेर गेल्या आणि चहा होईपर्यंत आत आल्या नाहीत. एम.ए. इंग्रजी असलेली, सोळा वर्षं दहावीला इंग्रजी शिकवणारी बाई. त्यांना इंग्रजी वाचायला, लिहायला, व्याकरण सोडवायला कसलीही अडचण नाही. न ठरवलेलं वाक्य चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. आणि वर्गात कोणी मुलगा पुण्या-मुंबईहून परत आलेला असेल, सेमी इंग्रजीतून आलेला असेल, तर त्याच्यासमोरही.

परकी भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांच्या या भीतीवर एलेन हॉरविट्झ यांनी १९९६ मध्येच लिहिलं आहे. भाषेचा शिक्षक हा त्या भाषेचा विद्यार्थी राहणं कधी संपत नाही आणि ज्याला ही भीती असते तो नकळत वर्गात ती भाषा मोकळेपणी वापरावी लागेल असे प्रसंगच टाळतो, असं त्या म्हणतात. गणिताच्या शिक्षकाला फळ्यावरचं उदाहरण पुसून पुन्हा मांडता येतं. बोललेलं वाक्य पुसता येत नाही.

आता हे घशाला जोडून पाहा. मुलांना जोडीने बोलायला लावलं तर कोण काय विचारेल याचा नेम नाही. परिच्छेद वाचायचा, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, यात अनपेक्षित काही येत नाही. ही पद्धत सुरक्षित आहे. पण ती पूर्ण तास एकाच माणसाला बोलायला लावते, पत्र्याच्या छताखाली, साठ मुलांच्या वर, दिवसाला सहा-सात वेळा. एक शिक्षक जाऊन तास दुप्पट झाले तेव्हा घशाने सर्वांत आधी हात टेकले. भीती जुनी होती, पण वेळापत्रकाने तिची किंमत वाढवली.

त्यात निकालाची बैठक. दहावीला इंग्रजी शंभर गुणांची, लेखी ८० आणि तोंडी-अंतर्गत २०, पास व्हायला ३५. विषयनिहाय निकाल वाचताना खालून पहिला क्रमांक इंग्रजी किंवा गणिताचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तो दरवर्षी मोठ्याने वाचला जातो. पालक सभेत एक बाप सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पोऱ्या समदामा पास व्हयना, तुमनाच विषयमा लटकी गया." म्हणजे मुलगा सगळ्यांत पास झाला, तुमच्याच विषयात अडकला. त्याचं बोलणं रागाचं नव्हतं. मॅडमच्या डोक्यात मात्र "तुमनाच" हा शब्द वर्षभर राहिला.

समोरचे पर्याय

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच वाटा दिसत होत्या आणि एकही मोकळी नव्हती.

वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा घ्यायची, ही पहिली. दोन अर्धपगारी दिवस खर्ची टाकून एक पूर्णपगारी दिवस मिळतो आणि मॅडमच्या खात्यावर रजा भरपूर शिल्लक होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या अतिताणातून येणाऱ्या या अवस्थेला कामाशी निगडित बाब म्हणून आपल्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नाही. दाखल्यावर घशाच्या गाठी लिहिता येतात, "काम सहन होत नाही" असं लिहिता येत नाही. त्या गाठींमुळे मॅडमना रजेचं दार तरी उघडं होतं. अडचण वेगळी होती. २०२५ ची दहावीची परीक्षा नेहमीपेक्षा लवकर, २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. बदली शिक्षक नाही. दीड महिना रजा म्हणजे दोन्ही तुकड्या वाऱ्यावर.

दुसरी वाट दहावीची एक तुकडी सोडण्याची. सामाजिक शास्त्राच्या सरांनी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं आहे, ते तयार होते. पण शिक्षक खोलीत "दहावी काढून घेतली" याचा अर्थ एकच होतो, आणि संस्थाचालकांच्या कानावर तो कसा जाईल याची मॅडमना धास्ती.

संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली मागण्यावर फार वेळ गेला नाही. घरची शेती, सासूबाई, मुलीची बारावी.

चौथी वाट मनाच्या डॉक्टरांकडे जाण्याची. मॅडमचे यजमान समजूतदार आहेत, तरी त्यांचा पहिला प्रश्न होता, "गावात कोणाला कळणार नाही ना?" केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर मराठीतून बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

पाचवी म्हणजे आहे तिथेच राहून काम बदलायचं: वेळापत्रक, शिकवण्याची रीत, तपासणी. ही वाट सगळ्यात कमी धाडसाची दिसते. प्रत्यक्षात तिला सगळ्यात जास्त माणसांची संमती लागते.

काय ठरलं, काय केलं

निर्णयाचा पहिला क्षण मुख्याध्यापकांशी काय बोलायचं हा होता. मॅडमना सगळं सांगायचं नव्हतं आणि सांगायलाच हवं असं मलाही वाटलं नाही. दाखल्याची प्रत जोडून एक पानी अर्ज दिला. त्यात तीन मागण्या होत्या: सलग दोनपेक्षा जास्त तासिका नकोत, आठवी दुसऱ्याकडे द्यावी, सराव परीक्षेच्या पेपर तपासणीला मदत मिळावी. "माझा विचार व्हावा" असं मोघम लिहिलं असतं तर विचारच झाला असता. मागण्या मोजक्या आणि मोजता येण्यासारख्या होत्या, म्हणून मुख्याध्यापकांना त्यावर हो किंवा नाही म्हणावं लागलं. दोन मान्य झाल्या. आठवीचं इंग्रजी सातवीला शिकवणाऱ्या पदवीधर शिक्षकांकडे गेलं, ते नाराज झाले आणि ती नाराजी त्यांनी लपवली नाही. तपासणीसाठी मात्र माणूस मिळाला नाही.

आठ दिवसांची रजा घेतली, तीही संपूर्ण मौनाची. घरात पाटी-पेन्सिल आली. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे दोघींच्या खाणाखुणा आणि हसणं हेच त्या आठवड्यातलं औषध होतं, असं मॅडम म्हणतात. पुढे जळगावला वाचा-उपचार सुरू झाले.

वर्गात कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कॉलरचा माईक आला. पहिल्या दिवशी मागून आवाज आला, "मॅडम, भंगारवाला उना!" वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मग तासाची रचना बदलली. आधी मुलं जोडीने परिच्छेद वाचायची आणि एकमेकांना अहिराणीत, पावरीत, मराठीत, जमेल त्या भाषेत अर्थ सांगायची. फळ्यावर फक्त तीन प्रश्न. मॅडम बाकांमधून फिरायच्या आणि अडलेल्या जागीच बोलायच्या. आठवड्यातून एक तास निव्वळ लेखनाचा, पत्र, संवाद, तक्त्यातली माहिती, आणि त्या तासाला मॅडमचा आवाज बंद. आवाज गेला त्या दिवशी वाचायला उठलेल्या मुलीसारख्या प्रत्येक तुकडीत सात-आठ जणी निघाल्या. मॅडमच्या बोलण्याखाली त्या इतके महिने दिसल्याच नव्हत्या.

बोलण्याच्या भीतीवर आमच्या गटात काम झालं. शनिवारी दुपारी कोणाच्या तरी घरी चार-पाच इंग्रजीचे शिक्षक जमतात. ठरवून एक तास इंग्रजीतच बोलायचं, विषय कापसाच्या भावापासून सुनेच्या डोहाळजेवणापर्यंत कोणताही. नियम एक: विचारल्याशिवाय कोणी कोणाला सुधारायचं नाही. तिथे प्रशिक्षक नसतो, हजेरी नसते, छायाचित्र काढून गटावर टाकणं नसतं. मॅडम सुरुवातीला माना डोलवायच्या. जानेवारीत त्यांनी निवडणुकीच्या केंद्रावर रात्री शौचालय शोधायची हकीगत इंग्रजीतून सांगितली. काळांची पार वाट लागली होती आणि आम्ही पोट धरून हसत होतो. सराव परीक्षेचे पेपरही मग याच गटाने वाटून तपासले. शाळेकडून जे मिळालं नव्हतं ते इथून मिळालं.

१४४१६ ला त्यांनी गच्चीवर जाऊन फोन केला. पहिल्यांदा उचलल्यावर कापला, दुसऱ्यांदा बोलल्या. पलीकडच्या बाईंनी झोपेबद्दल नीट विचारलं आणि तीन-चार आठवड्यांहून जास्त अशीच झोप जात असेल तर डॉक्टरांना भेटाच, असं सांगितलं. मॅडम जळगावला वाचा-उपचाराच्या फेरीतच मनाच्या डॉक्टरांनाही भेटल्या. औषध काही महिने चाललं. गावात कोणाला कळलं नाही, कारण घसा होताच सांगायला.

परिणाम

निकाल १३ मे २०२५ ला लागला. इंग्रजीचा निकाल आदल्या वर्षीच्या आसपासच राहिला. वाढलाही नाही, पडलाही नाही. काही सहकाऱ्यांना हे अपयश वाटतं. मॅडम निम्म्या आवाजाने शिकवत असताना निकाल तिथेच राहिला, याचा अर्थ आधीचं निम्मं बोलणं कोणाच्या उपयोगाचं नव्हतं, असं मी त्यांना सांगितलं. ते त्यांना पटलं की नाही, माहीत नाही.

आवाज जूनपर्यंत बराच सुधारला. गाठी लहान झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. सुट्टीत, ३० एप्रिलच्या आखाजीला, मॅडम माहेरी चार दिवस राहून आल्या. मुलांची नावं पुन्हा तोंडात येऊ लागली, असं त्या सांगतात. प्रशिक्षणात इंग्रजीतून बोलायला अजूनही नको वाटतं, पण आता बाहेर जात नाहीत.

आठवीची व्यवस्था टिकली नाही. नव्या सत्रात सातवीच्या सरांनी नकार दिला आणि एक तुकडी मॅडमकडे परत आली.

वेगळं काय करता आलं असतं

दहावीची एक तुकडी सोडायला हवी होती, असं माझं मत आजही आहे. आठवी सोडल्याने तास कमी झाले पण ताण दहावीचा होता. शिवाय तीच मुलं दोन वर्षांनी दहावीत येणार, म्हणजे पाया दुसऱ्याच्या हाती आणि निकालाची जबाबदारी आपल्यावर. मॅडमना हे मान्य नाही. त्यांच्या मते डिसेंबरमध्ये दहावी सोडली असती तर त्या पुन्हा उभ्याच राहिल्या नसत्या. इज्जत हाही तब्येतीचा भाग असतो, हे त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही.

रजा दिवाळीला लागूनच घ्यायला हवी होती, यावर दोघांचं एकमत आहे. आवाज तेव्हाच बिघडलेला होता. वाट पाहिली ती निवडणुकीमुळे, त्या कामातून सुटका मागणं म्हणजे कामचुकारपणा ठरेल या भीतीने. दाखला ऑक्टोबरमध्ये हातात असता तर ती सुटकाही मागता आली असती.

शाळेच्या बाजूने पाहिलं तर जूनमध्ये "तात्पुरतं" म्हणून दिलेल्या कामाला संपण्याची तारीख नव्हती. तारीख नसलेलं तात्पुरतं काम वर्षभर चालतं. विषयनिहाय निकाल वाचताना पाचवीत आलेल्या मुलांची वाचनाची पातळीही शेजारी वाचली असती, तर खालून पहिल्या क्रमांकाचं ओझं सहा वर्षांच्या शिक्षकांत वाटलं गेलं असतं. रात्री नऊनंतर गटावर निरोप टाकू नये, एवढं तर कोणत्याही निधीशिवाय होतं. ताणमुक्तीची कार्यशाळा मात्र झाली होती, टाळ्या आणि हास्याच्या व्यायामासकट, शनिवारच्या अर्ध्या सुट्टीत.

२०२५ च्या जूनमध्ये मॅडमनी कमाल तासिकांचा अर्ज सत्र सुरू होण्याआधीच दिला आहे. या वेळी तोंडी बोलणं नाही, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतली आहे. मुख्याध्यापकांनी तो संस्थेकडे पाठवला. संस्थेने पद भरेपर्यंत तासिका तत्त्वावर कोणी मिळतं का ते पाहायला सांगितलं आहे, आणि दोन उमेदवार येऊन भेटून गेले आहेत.